सातवा गठ्ठा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तुम्ही छत्तीस वर्षं ऑफिसात काढलीत. आपल्या शाळेची बरीच मुलं आता नोकरीला लागताहेत, कुणी दुकान, कुणी कारखाना, कुणी संस्था चालवतंय. ऑफिस कसं चालवायचं, हाताखालच्या माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, यावर बोला." मी म्हटलं, "अहो, शाळेत मला कधी साधं मॉनिटरसुद्धा केलं नाही. मी काय बोलणार?" तर ते म्हणाले, "म्हणूनच बोला. मॉनिटर झालेल्यांना सगळं येतंच." तेव्हा मॉनिटर न झालेल्याचं हे भाषण आहे. मागच्या बाजूला भरताची वांगी भाजल्याचा वास सुटलाय, तो मलाही येतोय. त्यामुळे फार लांबवणार नाही.

मी १९८३ साली धुळे जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक म्हणून लागलो. त्या वेळी धुळे जिल्ह्याचे दहा तालुके होते, नंदुरबार वेगळा व्हायचा होता. आपलं गाव जळगाव जिल्ह्यात, पण बाजार आणि सोयरिकी धुळ्याकडच्या, त्यामुळे घरच्यांना ते परकं वाटलं नाही. मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा पास होतो. एसटीने अमळनेरला क्लासला जाऊन ती केलेली. माझी समजूत अशी की टायपिंग आलं म्हणजे ऑफिसचं काम आलं. पहिली नेमणूक मिळाली सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पंचायत समितीत. वडिलांनी पत्र्याची पेटी, आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि मी रुजू झालो.

तिथे एक वरिष्ठ सहाय्यक होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मला वाटलं, आता ते मला टाइपरायटरपुढे बसवतील. त्यांनी मला कपाटातून सहा जुने लाल रुमाल काढून दिले. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं कापड, नव्या मुलांसाठी सांगतो. म्हणाले, "धुऊन आण. उद्या शिकवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे शिकवलं, त्यावर माझी छत्तीस वर्षं निघाली. सरकारी ऑफिसात त्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना ती माहीत आहे. ज्यांनी केली नाही त्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन ऐका, कारण ती किराणा दुकानालाही लागू आहे आणि दवाखान्यालाही.

पहिला गठ्ठा, ज्या कागदांवर आज मला काहीतरी करायचं आहे. दुसरा, ज्यांवर मी माझं काम केलं आहे, पण दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचं आहे. त्याला प्रतीक्षाधीन म्हणतात. तिसरा, नियतकालिकांचा, म्हणजे दर महिन्याला, दर तीन महिन्यांला, दर वर्षी पाठवायची माहिती. चौथा, स्थायी आदेशांचा. कायम लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रकं त्यात. पाचवा, काम संपलेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं. सहावा, मुदत संपलेली, नष्ट करायची.

नाना म्हणाले, "टेबलावर आलेला कुठलाही कागद या सहांपैकी एकात बसतो. बसत नसेल तर तो कागद तुला समजलेला नाही. परत वाच."

मला हे तेव्हा फार किरकोळ वाटलं. पण आईच्या फळीवरचे डबे आठवा. डाळ कुठे, तिखट कुठे, बाजरीचं पीठ कुठे. दिवे गेले तरी तिचा हात बरोबर त्या डब्यावर जायचा. आणि घरात नवी सून आली की पहिल्या दिवशी तिला स्वयंपाक शिकवत नाहीत, डबे दाखवतात. नाना मला डबे दाखवत होते.

गठ्ठ्यांच्या जोडीला वह्या. आवक नोंदवही, जावक नोंदवही, प्रत्येक लिपिकाची स्वतःची कार्यविवरण नोंदवही, आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला की सही घ्यायची हालचाल नोंदवही. दर सोमवारी कार्यविवरण नोंदवहीचा गोषवारा काढायचा: मागची शिल्लक किती, आठवड्यात नवीन किती आले, निकाली किती काढले, आता शिल्लक किती. चौथीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. पण ते दर सोमवारी करायचं, सणवार असो की साहेबांचा दौरा असो, हे भल्याभल्यांना जमत नाही.

एकदा डोंगरातून एक म्हातारे आले. दारात उभे राहून म्हणाले, "भाऊसाहेब, मना कागद कोठे शे?" मी कामात होतो. मी म्हणालो, "बाबा, होईल काम, पुढच्या आठवड्यात या." ते गेल्यावर नानांनी मला बोलावलं. "त्यांनी तुला काय विचारलं?" मी म्हटलं, "काम कधी होईल ते." नाना म्हणाले, "नाही. कागद कुठे आहे ते विचारलं. त्याचं उत्तर तुला एका मिनिटात देता आलं असतं. ते न देता तू त्यांना एक अख्खा दिवस आणि दोन वेळचं एसटीचं भाडं खर्च करायला लावलंस." मी धावत स्टँडवर गेलो. एसटी सुटली नव्हती. मी त्यांना सांगितलं की कागद धुळ्याला गेला आहे, अमुक तारखेला गेला, उत्तर आलं की तुमच्या ग्रामसेवकाकडे निरोप देतो. म्हाताऱ्याचं काम तेव्हाही झालं नव्हतंच. पण ते समाधानाने एसटीत बसले.

कार्यालयीन व्यवस्थापन म्हणून मी जे काही शिकलो त्याचा निम्मा भाग हा आहे. कागद कुठे आहे, कुणाकडे आहे, कधीपासून आहे, या तीन प्रश्नांचं उत्तर ऑफिसात कुणालाही, कधीही देता आलं पाहिजे.

मित्रहो, कागद जपणं आणि नोंद ठेवणं या कामाला आपण कारकुंडं काम म्हणतो. पण आपल्या खानदेशात तरी असं म्हणू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करत राहिले. त्यांचं निधन १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच झालं आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथे गेलात तर दिसेल, कुणीतरी कधीतरी नीट बांधून ठेवलेल्या कागदांवर इतिहास उभा आहे. आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, तेव्हा समोर बसून साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ते लिहून घेतलं नसतं तर 'गीता प्रवचने' आपल्या हाती आलीच नसती. बोलणारे विनोबा होते हे सगळ्यांना माहीत आहे. लिहून घेणारा माणूस आपल्या अमळनेरच्या शाळेतला शिक्षक होता, हेही लक्षात ठेवा.

आता दुसरा निम्मा भाग. माणसांचा.

नव्वदीत मी वरिष्ठ सहाय्यक झालो, आणि २००२ साली अधीक्षक. हाताखाली अकरा माणसं आली. मला कुणी सांगितलंच नाही की हे काम वेगळं आहे. मला वाटलं, आधी एका टेबलाचं करत होतो, आता अकरा टेबलांचं करायचं. म्हणून मी प्रत्येकाची टिपणी पुन्हा लिहायला लागलो. कुणाचं अक्षर चांगलं नाही, कुणाची वाक्यरचना बरोबर नाही, म्हणून मीच लिही. संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत बसायचो आणि घरी जाऊन म्हणायचो, माझ्याशिवाय ऑफिस चालत नाही.

आपल्याकडे कापूस वेचणीला मुकादम असतो. मुकादमच झोळी बांधून एका ओळीत वेचायला लागला, तर बाकीच्या ओळींत काय चाललंय ते कोण बघणार? त्याची ओळ स्वच्छ निघेल, आणि शेत अर्धं राहील. माझं तेच झालं. शिवाय माणसं शहाणी असतात. त्यांनी ओळखलं, साहेब नाहीतरी पुन्हा लिहिणारच, मग आपण कशाला जीव ओतायचा? सहा महिन्यांत अकरा माणसांची मी अकरा पोस्टमन करून टाकली. कागद माझ्याकडे आणून द्यायचे आणि परत न्यायचे, एवढंच त्यांचं काम उरलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतोय ती गोष्ट. ती मी आजपर्यंत जाहीरपणे सांगितलेली नाही. ऑफिसचं नाव सांगत नाही, माणसांची नावं सांगत नाही. चूक माझी आहे, तेवढं पुरे.

२००३ ची गोष्ट. एक प्राथमिक शिक्षक नोकरीत असताना वारले. त्यांच्या पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आमच्या ऑफिसात खेटे घालत होत्या. आठ महिने झाले होते. पेन्शनचं टेबल एका तरुण मुलीकडे होतं. तिचे वडीलही नोकरीत असतानाच गेलेले, त्यांच्या जागी ती अनुकंपावर लागलेली. कामाला चोख, बोलायला कमी.

एके दिवशी गटविकास अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारलं, या बाईंचं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही. मी तडक बाहेर आलो. त्या बाई बाकावर बसलेल्या होत्या. आणि मी त्यांच्यासमोर, सगळ्या ऑफिससमोर त्या मुलीवर ओरडलो. "आठ महिने एक प्रस्ताव होत नाही? झोपा काढता का? स्वतःवर अशी वेळ आलेली असून तुम्हाला समजत नाही?" हे शेवटचं वाक्य मी बोलून गेलो. ते मला आजही रात्री ऐकू येतं.

ती काही बोलली नाही. उठली, हालचाल नोंदवही घेऊन आली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. पाच महिन्यांपूर्वीची तारीख. प्रकरणाचा विषय. "अधीक्षक यांचेकडे सादर." आणि पुढे आद्याक्षरी, माझी.

मी माझ्या कपाटाकडे गेलो. खालच्या कप्प्यात, मीच "जरा बघून घेऊ" म्हणून ठेवलेल्या कागदांच्या ढिगात ते प्रकरण होतं. सेवापुस्तकात वेतन पडताळणीची एक नोंद नव्हती. ती करून घ्यायला पाहिजे, जिल्ह्याला बोलू, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. मग एक निवडणूक आली, एक दौरा आला, मार्चअखेर आली. कागद तिथेच.

त्या ढिगात अजून तेवीस प्रकरणं निघाली. मी मोजली. सहांपैकी कुठल्याच गठ्ठ्यात ती नव्हती. त्यांवर मी काम करत नव्हतो, कुणाच्या उत्तराची वाट बघत नव्हतो, ती संपलेली नव्हती. सोमवारच्या गोषवाऱ्यात ती माझ्या नावावर दिसत नव्हती, कारण अधीक्षकाचा गोषवारा कुणी मागतच नाही. नानांनी सहा गठ्ठे शिकवले होते. सातवा मी स्वतः बांधला होता: साहेबांच्या कपाटाचा गठ्ठा. माझा अनुभव असा आहे की प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक दुकानात, प्रत्येक संस्थेत हा सातवा गठ्ठा असतो, आणि तो नेहमी सर्वात वरच्या माणसाकडे असतो.

त्याहून वाईट म्हणजे, १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत तात्पुरतं निवृत्तिवेतन मंजूर करायची सोय आहे. सेवापुस्तकातली त्रुटी निघेपर्यंत घरात काहीतरी पैसा जावा म्हणून ती सोय आहे. ती वापरावी असा प्रस्ताव त्या मुलीने टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहून ठेवला होता. मी तो वाचलाच नव्हता. तिची टिपणी मला पुन्हा लिहायची होती ना!

त्याच दिवशी माणूस सेवापुस्तक घेऊन जिल्ह्याला पाठवला. तात्पुरतं निवृत्तिवेतन लगेच सुरू झालं, पुढे अंतिम मंजुरी आली, थकबाकीही मिळाली. पण त्या बाईंच्या थोरल्या मुलीने त्या वर्षी कॉलेज सोडलं होतं, फी भरायला नव्हती म्हणून. थकबाकी मिळते मित्रहो, वर्ष मिळत नाही.

संध्याकाळी मी त्या मुलीला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "सर, तुम्ही मला बोललात त्याचं काही नाही. पण त्या काकूंसमोर बोललात. त्यांना आयुष्यभर वाटेल की मीच त्यांचा कागद अडवला होता."

मला त्या दिवशी समजलं की चूक जिथे केली, माफी तिथेच मागावी लागते. सगळ्यांसमोर ओरडायचं आणि केबिनचं दार लावून माफी मागायची, याला हिशेब म्हणत नाहीत. पुढच्या वेळी त्या बाई आल्या तेव्हा मी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की कागद या मुलीने वेळेत पाठवला होता, पाच महिने तो माझ्या कपाटात होता. बाईंनी एवढंच म्हटलं, "कागद सापडना ना भाऊसाहेब, बस." त्या मुलीने मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने एक टिपणी आणली आणि म्हणाली, "सर, हिच्यात काय बदलायचं ते मला सांगा, मी बदलते." माझं पर्यवेक्षणाचं शिक्षण तिथून सुरू झालं. तोपर्यंत अधीक्षकपदाचं एक वर्ष संपलं होतं.

त्यानंतर मी ज्या गोष्टी पाळल्या त्या सांगतो. फार नाहीत.

पहिली. सोमवारच्या गोषवाऱ्यात पहिलं नाव माझं. अधीक्षकाकडे किती प्रकरणं, किती दिवसांची. ते फळ्यावर लिहायचं. वरच्याने आपली शिल्लक दाखवली की खालचा लपवत नाही.

दुसरी. कपाटाला कुलूप नाही. शिपाईमामांना सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी माझ्या टेबलावर किंवा कपाटात सही न झालेलं जे काही असेल ते मोजून मला आकडा सांगायचा. ऑफिसात काय कुठे आहे हे शिपायाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपण त्याला फक्त चहा आणायला सांगतो.

तिसरी. चुकीबद्दल बोलायचं ते दार लावून, आणि आधी कागदाबद्दल विचारायचं. "तुम्ही हे का केलं नाही?" असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करतो. "हे कुठे अडलंय?" असं विचारलं की तो अडचण सांगतो. बरेचदा अडचण खरी असते: नमुना छापून आलेला नाही, वरून मार्गदर्शन आलेलं नाही, किंवा त्याला ते काम येतच नाही आणि सांगायची लाज वाटते. पन्नाशीच्या माणसाला संगणक येत नाही हे तो पंचविशीच्या साहेबाला कसं सांगेल? आमच्याकडे एक जण आजारपणाच्या रजा टाकायचे, दर महिन्याच्या पगार बिलाच्या वेळीच. सगळे म्हणायचे कामचुकार. त्यांना नवीन प्रणालीत बिल करता येत नव्हतं, एवढंच होतं. त्या मुलीने त्यांना पंधरा दिवस रोज अर्धा तास शिकवलं, ऑफिस सुटल्यावर, कुणाला न सांगता. रजा थांबल्या.

चौथी. कौतुक मात्र सगळ्यांसमोर, आणि नेमकं. "छान काम करता" याला काही अर्थ नाही. "तुम्ही गेल्या महिन्यात प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातली चौदा स्मरणपत्रं वेळेवर काढली" याला अर्थ आहे.

पाचवी. प्रत्येक टेबलाचा एक जोडीदार. हा रजेवर गेला तर तो सांगेल. "त्या टेबलाचे साहेब रजेवर आहेत" हे वाक्य आमच्याकडे बंद केलं. यात कटकटी झाल्या, भांडणंही झाली, कारण दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायला कुणालाच आवडत नाही. वर्ष गेलं सवय व्हायला.

आणि सहावी, साने गुरुजींची. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. मी मघाशी म्हटलं मुकादमाने वेचू नये. मग गुरुजींचं काय? फरक असा की मी दुसऱ्याचं काम करत होतो ते त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून. गुरुजी करत होते ते प्रेमापोटी, आणि ते पाहून मुलं स्वतः झाडायला लागायची. मीही वर्षातून एकदा, दप्तर लावायच्या वेळी, सगळ्यांच्या बरोबरीने खाली सतरंजीवर बसून धूळ खात गठ्ठे बांधायचो. तेवढं एक काम मी सोडलं नाही.

हे नियम माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तिथल्या ऑफिसची घडी बसवली. जुनी दप्तरं लावली, बसायची व्यवस्था बदलली, कामाच्या पद्धती सोप्या केल्या. 'लखिना पॅटर्न' हे नाव तेव्हा आमच्यासारख्या कारकुनांच्याही तोंडी होतं. नाना म्हणायचे, "त्यांनी नवीन काही केलं नाही. जुनंच केलं, पण खरोखर केलं."

१९९८ च्या १ जुलैला नंदुरबार जिल्हा झाला. दहा तालुक्यांपैकी सहा तिकडे गेले, चार धुळ्याकडे राहिले. मी तेव्हा वरिष्ठ सहाय्यक. सेवापुस्तकं, प्रकरणं, नोंदवह्या वेगळ्या करायच्या, याद्या करायच्या. आपल्याला वाटतं जिल्हा मंत्रालयात होतो. तो होतो आदेशाने. प्रत्यक्षात तो गठ्ठ्या-गठ्ठ्याने होतो. माझ्या टेबलाचे गठ्ठे तालुकावार बांधलेले, वर चिठ्ठ्या लावलेल्या, कायम ठेवायचे 'अ' वर्गाचे, तीस वर्षांचे 'ब'चे, सगळे वेगळे. माझी यादी दोन दिवसांत झाली. तेव्हा नाना निवृत्त झाले होते. मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं: "सहा रुमाल कामाला आले."

आता कायदेही आले आहेत. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा म्हणतो की साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला, तीस दिवसांत उत्तर द्यायचं. २०१५ ला लोकसेवा हक्काचा कायदा आला. आता फाइल संगणकावर फिरते आणि कुणाकडे किती दिवस आहे ते पडद्यावर दिसतं. फार चांगलं झालं. पण डोंगरातल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न कायदा येण्याआधीही हाच होता, आणि संगणकावरही सातवा गठ्ठा बांधता येतो. तिथे त्याला कुलूपसुद्धा लागत नाही.

गुरुजनहो, शेवटी तुमच्याकडे येतो. घंटा झाली की आपले मुख्याध्यापक व्हरांड्यातून एक फेरी मारायचे. कुणाला काही बोलायचे नाहीत. ज्या वर्गात शिक्षक पोचले नसतील तिथे स्वतः खडू घेऊन उभे राहायचे, आणि शिक्षक आले की खडू त्यांच्या हातात देऊन, "या सर" म्हणून निघून जायचे. मुलांसमोर एक शब्द नाही. आम्हाला वाटायचं, सरांना शिकवायची हौस आहे. ते काय करत होते हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्या मुलीवर ओरडल्यानंतर कळलं. धडा तुम्ही वेळेवर शिकवला होता सर, माझ्याकडेच तो प्रलंबित राहिला.

२०१९ ला मी निवृत्त झालो. ती मुलगी आता स्वतः अधीक्षक आहे. निरोप समारंभाला तिने मला शाल दिली नाही. एक नवा लाल रुमाल दिला, धुऊन, इस्त्री करून. मी विचारलं, "हा सातवा का?" ती म्हणाली, "नाही सर, सहाच. एक फाटला होता."

तो मी आज बरोबर आणला आहे. आपल्या शाळेच्या कार्यालयात जुने हजेरीपट आणि दाखल्यांच्या नोंदी आहेत, त्या बांधायला तो मी शाळेला देतो. आणि दर महिन्याचा पहिला सोमवार मी रिकामा आहे, कार्यालयाला चालणार असेल तर दप्तर लावायला येईन. तरुण मंडळींपैकी ज्यांना शिकायचं असेल त्यांनी यावं. जुने कपडे घालून या, धूळ फार असते.

भरीत निवायला नको, चला.